गुडघेबदलानंतरचे पहिले तीन महिने : डिस्चार्ज कार्डावरच्या सूचनांमागचा इतिहास

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. टाके निघाले, वॉकर धरून घरातल्या घरात चालणं सुरू झालं. पण गुडघा अजून सुजलेला आहे, हात लावला तर गरम लागतो. रात्री दोन वाजता ठणका लागून जाग येते. फिजिओथेरपिस्ट म्हणतात ९० अंशांपर्यंत वाकवा, गुडघा मात्र ७५ वर अडतो. त्यात कुणीतरी भेटायला येतं आणि सांगून जातं, "आमच्या आत्याबाई पंधरा दिवसांत जिना चढायला लागल्या होत्या." मग मनात एकच विचार घोळत राहतो, आपलं ऑपरेशन फसलं की काय?

महाड-पोलादपूरकडच्या रुग्णांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण असते. ऑपरेशन बहुधा मुंबई, पनवेल किंवा पुण्याला झालेलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात. सर्जन शंभर-दीडशे किलोमीटर दूर, हातात डिस्चार्ज कार्ड, आणि कार्डावर आठ-दहा ओळी : उशी गुडघ्याखाली घेऊ नका, घोटा हलवत राहा, रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नका, ताप आल्यास कळवा. या ओळी का लिहिल्या आहेत हे समजावून सांगायला वॉर्डात कुणाला फारसा वेळ नसतो.

म्हणून आज त्या ओळींचा इतिहास सांगतो. गुडघेबदलाची शस्त्रक्रिया एका दिवसात सापडलेली नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं डॉक्टर आणि रुग्ण दोघांनीही ठेचा खाल्ल्या, आणि कार्डावरची जवळपास प्रत्येक सूचना अशा एखाद्या ठेचेतून आलेली आहे. हे कळलं की दोन गोष्टी सोप्या होतात. जे नेहमीचं आहे त्याला घाबरायचं कारण उरत नाही, आणि जे खरंच धोक्याचं आहे ते वेळेत ओळखता येतं.

आधी एक गैरसमज : "वाटी बदलली"

आपल्याकडे सगळे म्हणतात, "वाटी बदलली." खरं तर गुडघ्याची वाटी बहुतेक वेळा जागच्या जागीच असते, फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांना भिडतात तिथली झिजलेली कूर्चा आणि हाडाचा पातळ थर काढतात. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, आणि दोन्हींच्या मध्ये एका खास टणक प्लास्टिकचा तुकडा. दाताला कॅप बसवतात तसाच हा प्रकार आहे.

म्हणजे सांधा नवा असतो. स्नायू, शिरा, कातडी आणि सांध्याभोवतालचं आवरण मात्र तुमचं जुनंच, आणि शस्त्रक्रियेत ते कापलं गेलेलं, ताणलं गेलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांचा सगळा त्रास या जुन्या भागांचा असतो. धातू पहिल्या दिवसापासून तयार असतो, मांसाला भरून यायला वेळ लागतो.

सुजलेला गुडघा आणि ताप : रायगड १६८०, बर्लिन १८९०

महाड तालुक्यातल्या रायगडावर ३ एप्रिल १६८० रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचं निधन झालं. त्यांच्या अखेरच्या आजाराबद्दल साधनांत एकवाक्यता नाही. सभासदाच्या बखरीत ज्वर म्हटलं आहे. त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात रक्ताच्या हगवणीचा उल्लेख आहे. आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने गुडघ्याला आलेली वेदनादायक सूज, ती वाढत जाणं आणि मग चढलेला मोठा ताप असं वर्णन केलं आहे. साडेतीनशे वर्षांनंतर यातून निदान करणं योग्य नाही, आणि मी ते करणारही नाही. पण डफने ज्या क्रमाने लिहिलं आहे, तो क्रम त्या काळातल्या लोकांच्या चांगल्या परिचयाचा होता. आधी गुडघा सुजायचा, मग ताप चढायचा, मग माणूस खचायचा. सांध्यात पू झाला तर प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात त्यावर उपाय नव्हता.

पहिला कृत्रिम गुडघाही याच कारणाने वाया गेला. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या सर्जनने हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा तयार करून रुग्णाच्या पायात बसवला. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता, तो १८९५ चा. ग्लुकचे रुग्ण क्षयाने सांधा खराब झालेले होते. सुरुवातीला वेदना कमी झाल्या, सांधा हलायला लागला, सगळे खूश झाले. पुढे क्षयाच्या जंतूंनी डोकं वर काढलं, पू वाहू लागला आणि सांधे निकामी झाले. सक्रिय संसर्ग असलेल्या सांध्यात असं रोपण करू नये, असं मग खुद्द ग्लुकनेच सांगितलं.

तुमच्या कार्डावरच्या तीन सूचना इथून आल्या आहेत.

पहिली, ऑपरेशनआधी दात, लघवी, पायाच्या भेगा आणि साखर यांची तपासणी. शरीरात कुठेही जंतू लपलेले असतील तर ते नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. भातशेतीत चिखलात उभं राहून पायाला झालेल्या चिखल्या आणि भेगा ऑपरेशनच्या आधी पूर्ण बऱ्या झाल्या पाहिजेत.

दुसरी, जखम कोरडी ठेवणं. टाके निघाल्यावरही जखमेवर हळदीचा लेप, झाडपाला, बिब्बा, कुणी दिलेलं तेल, काहीही लावू नका. बिब्ब्याने कातडीला फोड येतात आणि प्रत्येक फोड जंतूंसाठी दार असतं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली पसरत जाणं, थंडी वाजून ताप येणं, किंवा कमी होत आलेली वेदना अचानक वाढणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन करा. जवळच्या दवाखान्यात जाऊन नुसती अँटिबायोटिकची गोळी सुरू करू नका, आणि नव्या गुडघ्यात कुणालाही सुई घालू देऊ नका. गोळी आधी पोटात गेली तर सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. संसर्ग लवकर लक्षात आला तर सांधा धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून रोपण वाचवता येण्याची शक्यता चांगली असते. आठवडे उलटले तर सगळं रोपण काढावं लागू शकतं. असा संसर्ग साधारण शंभरात एक-दोन जणांना होतो. प्रमाण कमी आहे, पण उशिराची किंमत फार मोठी आहे.

पाय प्लास्टरमध्ये की हालचाल? शंभर वर्षांचा वाद

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा विश्रांतीवर फार विश्वास होता. जॉन हिल्टनचं विश्रांती आणि वेदना या विषयावरचं पुस्तक १८६३ सालचं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने तर दुखऱ्या सांध्याला दीर्घ, सक्तीची विश्रांती हाच उपचार मानला. त्यांच्या नावाची थॉमस स्प्लिंट आजही अस्थिरोग विभागात सापडते. उलट पॅरिसमध्ये ल्युका-शांपियोनिएर हे सर्जन सांगत होते की हालचाल झाली नाही तर सांधा आखडतो. क्षयाने सडलेल्या सांध्याला विश्रांती हवी हे थॉमसचं म्हणणं त्या काळात बरोबरच होतं. चूक झाली ती तोच नियम सगळ्या सांध्यांना लावण्यात.

१९७० च्या दशकात आधुनिक गुडघेबदल सुरू झाला तेव्हाही डॉक्टरांच्या मनावर विश्रांतीचा पगडा होता. ऑपरेशननंतर पाय काही दिवस जाड बँडेजमध्ये किंवा प्लास्टरमध्ये ठेवत, रुग्णालयात दोन-तीन आठवडे राहावं लागे. अनेकांचे गुडघे आखडत आणि मग भूल देऊन ते वाकवावे लागत.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सांध्याच्या सतत हालचालीवर संशोधन केलं, आणि त्यातून आलेलं पाय आपोआप वाकवणारं यंत्र १९८० च्या दशकात गुडघेबदलानंतर सर्रास वापरलं जाऊ लागलं. रुग्ण झोपलेला, यंत्र तासन्‌तास पाय वर-खाली करतंय. वाटलं, प्रश्न सुटला. पण पुढे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर, २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात, या यंत्राचा गुडघा वाकण्यावर सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. तेव्हा तुमच्या रुग्णालयात ते यंत्र लावलं नाही म्हणून आपल्याला कमी दर्जाचा उपचार मिळाला असं समजू नका.

कारण गुडघा फक्त वाकायचा नसतो, त्याला माणूस उचलायचा असतो. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक कमी झालेली असते. सांध्यातली सूज या स्नायूला जणू बंद करते. म्हणून पाय उचलता येत नाही, म्हणून चालताना गुडघा दगा देईल अशी भीती वाटते. यंत्राने पाय हलवला तर हा स्नायू जागा होत नाही. तो तुम्ही स्वतः आवळला तरच जागा होतो.

आता उशीची गोष्ट. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण थोड्या वाकलेल्या गुडघ्यात आतला दाब कमी होतो. पण तीन-चार आठवडे पाय असाच ठेवला तर मागचं आवरण आखडतं आणि गुडघा कायमचा थोडा वाकडा राहतो. मग चालताना माणूस लंगडतो आणि मांडी दिवसभर भरून येते. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली घ्या आणि गुडघा मोकळा, सरळ होऊ द्या. वाकवण्याची काळजी सगळेच करतात, सरळ करण्याकडे दुर्लक्ष होतं. सुरुवातीला दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

पोटरी, रक्ताची गाठ आणि ती रोजची गोळी

सांधेबदलाला खरं वळण दिलं ते इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्नले यांनी, खुब्याच्या शस्त्रक्रियेतून. तेही सरळ मार्गाने घडलं नाही. त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं. जवळपास ३०० खुबे बसवले, आणि काही वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांनी आजूबाजूचं मांस खराब केलं. चार्नले यांनी ते पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून शरीराची प्रतिक्रिया पाहिली. १९६२ पासून त्यांनी नवं प्लास्टिक, पॉलिएथिलीन, वापरायला घेतलं. तुमच्या गुडघ्यात धातूच्या मध्ये बसलेलं प्लास्टिक त्याचंच सुधारलेलं रूप आहे. हाडाला रोपण चिकटवण्यासाठी सिमेंट वापरण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली, आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शुद्ध हवेचं ऑपरेशन थिएटरही.

पण एक शत्रू उरला. सांधे उत्तम बसत, जखम भरत येई, आणि चालायला लागलेला रुग्ण अचानक धाप लागून दगावे. पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेलेली असे. रक्त पातळ करणारी औषधं, पायातले घट्ट मोजे, घोटा वर-खाली करण्याचा व्यायाम आणि ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्याच दिवशी उभं करणं, हे सगळं या मृत्यूंमुळे आलं.

त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून ती गोळी किंवा इंजेक्शन मध्येच थांबवू नका. जितके दिवस लिहिलं आहे तितके दिवस घ्या. पोटरी घट्ट होऊन दुखायला लागली किंवा एकाच पायाची सूज अचानक वाढली, तर पोटरीला तेल लावून मालिश करू नका. चोळल्याने गाठ सुटू शकते. अशा वेळी त्याच दिवशी तपासून घ्या. छातीत दुखणं, धाप लागणं किंवा खोकल्यातून रक्त येणं असं झालं तर फोन करत बसू नका, सरळ १०८ ला बोलवा.

न्यूयॉर्क १९७४ आणि ब्रीच कँडी २०००

सुरुवातीचे धातूचे गुडघे, उदाहरणार्थ स्वीडनच्या वाल्डियस यांचा १९५० च्या दशकातला, दाराच्या बिजागरीसारखे होते. पण माणसाचा गुडघा वाकताना थोडा घरंगळतो, थोडा पिळतोही. नुसत्या बिजागरीवर हा सगळा पीळ पडला आणि ती हाडातून सैल होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रायटिंग्टनलाच फ्रँक गन्स्टन यांनी बिजागरी सोडून हाडांच्या टोकांना वेगवेगळे पृष्ठभाग बसवले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांनी जो गुडघा तयार केला, आजचे बहुतेक गुडघे त्याचेच वंशज आहेत. यांतले राणावत इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले.

याच डॉ. राणावत यांनी १० ऑक्टोबर २००० रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला. वाजपेयी तेव्हा ७५ वर्षांचे होते. उजवा गुडघा ७ जून २००१ ला बदलला गेला. दोन ऑपरेशनांमध्ये आठ महिने होते. दुसऱ्या ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी, १४ ते १६ जुलैला, ते आग्र्याला पाकिस्तानशी शिखर चर्चा करत होते.

त्या दिवसांत वर्तमानपत्रं आणि टीव्हीवर रोज या गुडघ्याच्या बातम्या होत्या, आणि "गुडघाही बदलता येतो" ही गोष्ट गावोगाव पोचली. पण त्यातून एक चुकीचं मापही लोकांच्या डोक्यात बसलं : पाच आठवड्यांत माणूस कामाला लागतो. लागतो, पण कोणत्या कामाला? खुर्चीत बसून चर्चा करणं वेगळं आणि पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या वाडीत हंडा घेऊन चढणं वेगळं. पंतप्रधानांच्या दिमतीला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, लिफ्ट, गाडी, सगळं होतं. तुम्हाला ओटीच्या चार पायऱ्या कठड्याशिवाय चढायच्या आहेत. तेव्हा दुसऱ्याच्या कॅलेंडरवर आपली प्रगती मोजू नका.

मग "बरं चाललंय" म्हणजे नेमकं काय?

साधारण माप असं असतं. दोन आठवड्यांपर्यंत गुडघा जवळपास सरळ व्हावा आणि ९० अंशांच्या आसपास वाकावा. सहा आठवड्यांपर्यंत ११० च्या जवळ. जिना चढायला ८०-९० अंश पुरतात, खुर्चीतून आरामात उठायला ९० ते १००. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० च्या पुढे लागतात, आणि ते बहुतेकांना जमत नाही. जमलं तरी सर्जनला विचारल्याशिवाय सवय करू नका.

सहा आठवडे ते तीन महिने या काळात व्यायाम करूनही गुडघा ९० च्या आतच अडला असेल, तर सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय याच काळात चांगला लागू पडतो. वर्षभर वाट पाहून गेलात तर आतले व्रण घट्ट झालेले असतात.

पुढच्या गोष्टी त्रासदायक असल्या तरी नेहमीच्या आहेत :

- तीन ते सहा महिने थोडी सूज आणि उबदारपणा, विशेषतः संध्याकाळी.
- जखमेच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागणं. हा भाग हळूहळू लहान होतो, थोडा कायम राहू शकतो.
- चालताना टक्-टक् आवाज. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा तो आवाज असतो.
- पहिले काही आठवडे रात्रीची झोप मोडणं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी आणि झोपताना वेदनाशामक कधी घ्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवा.
- तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन उदास होणं, रडू येणं, "उगाच केलं ऑपरेशन" असं वाटणं. घरच्यांनी याला नाटक समजू नये.
- एक दिवस छान, दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म. आदल्या दिवशी जास्त चाललात एवढाच त्याचा अर्थ. एक दिवस कमी करा, बंद करू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१० मध्ये कॅनडात सतराशेवर रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात साधारण पाचातला एक रुग्ण गुडघेबदलानंतर समाधानी नव्हता. असमाधानाचं सर्वांत मोठं कारण होतं अपेक्षा पूर्ण न होणं. ऑपरेशन वेदना कमी करण्यासाठी आणि चालता येण्यासाठी आहे. वयाच्या विसाव्या वर्षीचा गुडघा परत मिळत नाही. हे आधीच ठाऊक असेल तर तीन आठवड्यांचा सुजलेला गुडघा अपयश वाटत नाही. आणि दुसरी बाजूही पाहा : २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार शंभरातले सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. त्यापुढे तीन महिन्यांचा त्रास किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

तीन आठवड्यांऐवजी चार दिवस : घरी लवकर का सोडतात?

१९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी एक साधा प्रश्न विचारला : हा रुग्ण अजून रुग्णालयात का आहे? वेदना, उलट्या, नळ्या, अशक्तपणा, भीती, एकेक कारण शोधून त्यांनी ते दूर केलं. आधी आतड्याच्या आणि पुढे सांध्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये ही पद्धत जगभर गेली. लवकर चालवल्याने गाठी आणि छातीचे त्रास कमी होतात हे दिसलं. तेव्हा चौथ्या दिवशी घरी सोडलं म्हणजे हाकललं असं नाही.

पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, घर तयार असतं. आपल्याकडे ती तयारी आधी करावी लागते.

महाड-पोलादपूरच्या घरांसाठी माझी यादी : ओटीच्या पायऱ्यांना एका बाजूला पक्का कठडा किंवा बांबूचा आधार. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ खरवडून काढलेलं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची. जमिनीवरच्या अंथरुणाऐवजी खाट. चुलीपाशी पाटाऐवजी उंच ओटा किंवा खुर्ची. पूजेला बसायला खुर्ची, देव रागावत नाही. पहिले तीन महिने लावणी, कापणी, जळणाची मोळी यांतलं काही नाही.

ऑपरेशनची तारीख आपल्या हातात असेल तर पावसाळा टाळा. २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, पोलादपूरकडे दरडी कोसळल्या. वरंध घाट तर पावसात बऱ्याचदा बंदच असतो. अशा दिवसांत जखमेतून पाणी आलं तर सर्जनपर्यंत पोचायचं कसं? दिवाळीनंतरचे महिने त्या मानाने सोयीचे.

घरी येताना गाडीत पुढची सीट मागे सरकवून पाय लांब ठेवा. माणगाव, कोलाड अशा ठिकाणी तासाभराने थांबून पाच मिनिटं उभं राहा, चाला. गाडीत बसल्या बसल्या घोटा हलवत राहा.

पैसा

पूर्वी रोपणाचीच किंमत दीड लाखाच्या घरात जाई. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी कर वगळून ५४,७२० रुपये ठरले. मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून बिलात रोपणाची किंमत वेगळी लिहून मागा आणि रोपणाचे स्टिकर लावलेला कागद जपून ठेवा. पुढे कधी त्या गुडघ्याचं काही करायची वेळ आली तर तोच कागद लागतो. राज्याच्या आरोग्य योजनेचा रायगड जिल्हा २०१२ पासून, म्हणजे पहिल्याच टप्प्यापासून भाग आहे. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तुमचं ऑपरेशन आणि तुमचं रुग्णालय तिच्यात बसतं का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

एक वही घाला

१९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवत. विंचवाचं विष हृदय आणि फुप्फुसांवर कसं चढतं हे त्या नोंदींतून समजलं, आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने असंख्य जीव वाचले. मोठी यंत्रं नव्हती, वही होती.

तुम्हीही एक वही घाला. रोज संध्याकाळी पाच गोष्टी लिहा : ताप किती, वेदना दहापैकी किती, गुडघ्याचा घेर शिंप्याच्या टेपने किती, घरातल्या घरात किती वेळा चाललात, गोळी घेतली का. आठवड्यातून एकदा खुर्चीत बसून पायाचा बाजूने फोटो काढा. रोज पाहिलं तर प्रगती दिसत नाही, आणि त्यानेच धीर सुटतो. पंधरा दिवसांची पानं उलटली की घेर दोन सेंटिमीटरने कमी झालेला दिसतो. उलट तीन दिवस घेर आणि ताप दोन्ही वाढत असतील, तर तेही वहीतच आधी दिसतं. सर्जनला फोन कराल तेव्हा "बरं नाही वाटत" म्हणण्याऐवजी हे आकडे सांगा. शंभर किलोमीटरवरून त्यांना त्या आकड्यांवरूनच ठरवता येतं की तुम्हाला धीर द्यायचा आहे की आजच्या आज बोलवून घ्यायचं आहे.